बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका : उतारवयातला ल्युपस आणि त्याची कायमची औषधं



बंदीचे दिवस जवळ आले की या पेजवर जाळी, इंजिन, अनुदानाचे अर्ज हेच विषय असतात. आज जरा वेगळा विषय घेतोय. गेल्या बंदीत आपल्याच एका सभासदाच्या घरी जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये एवढाच हेतू. त्यांनीच आम्हाला सांगितलं, "नाव घालू नका, पण लिहा."

त्यांची आई, वय ६७. चाळीस वर्षं बाजारात बसून मासे विकले. साठी ओलांडल्यावर सकाळी उठलं की बोटं आखडायची, मूठ वळायची नाही. घरच्यांना वाटलं, वय झालं. अंगात कणकण असायची. वाटलं, पावसात भिजली. चेहरा उन्हात लाल व्हायचा. वाटलं, ऊनच ते. असं करत दीड वर्ष गेलं. शेवटी फुप्फुसाभोवती पाणी साठून धाप लागली, तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं : ल्युपस. गोळ्या सुरू झाल्या आणि सात-आठ महिन्यांत मावशी पुन्हा बाजारात बसू लागल्या.

मग जून आला. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर जेटीला. हातात पैसा कमी. त्यात कुणीतरी सांगितलं, "त्या गोळ्यांनी डोळे जातात." मावशींनाही वाटलं, आता तर मला काहीच होत नाही, मग कशाला मुलाचा खर्च? कुणाला न सांगता त्यांनी एका दिवशी सगळ्या गोळ्या बंद केल्या.

पाच-सहा दिवसांत उलट्या, चक्कर, अंगात उठायचं त्राण नाही. बीपी एवढं खाली गेलं की रात्रीच इस्पितळात न्यावं लागलं. तिथं स्टिरॉइडची गोळी परत सुरू झाली आणि मावशी सावरल्या. पण दुसरी गोळीसुद्धा बंद केलीय, हे त्यांनी घाबरून सांगितलंच नाही. अडीच महिन्यांनी पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. ल्युपस या वेळी मूत्रपिंडावर आला होता.

आता त्या ठीक आहेत. पण आधी दोन गोळ्यांवर भागत होतं, तिथं आता पाच आहेत. यात मावशींची चूक कमी आणि आपण सगळ्यांनी नीट समजून न घेतल्याची चूक जास्त. म्हणून हा लेख.

ल्युपस म्हणजे नेमकं काय?

जेटीवर राखणदार ठेवलाय, चोरांपासून राखण करायला. तो चोर सोडून आपल्याच खलाशांना काठी मारायला लागला तर? ल्युपसमध्ये तेच होतं. जंतूंशी लढणारी शरीरातली राखण आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, रक्तावर, मूत्रपिंडावर, हृदय-फुप्फुसाच्या आवरणावर उलटते.

हा कॅन्सर नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटात जेवलं, शेजारी झोपलं म्हणून होत नाही.

मुख्यतः हा तरुण बायकांचा आजार. रुग्णांत दहातल्या नऊ बायका असतात. पण साधारण दहातल्या एक-दोन रुग्णांना तो पन्नाशीनंतर सुरू होतो आणि त्या वयात पुरुषांचं प्रमाणही वाढतं. म्हणजे "हा बायकांचा आजार, आमच्या बाबांना कसा होईल" असं म्हणून चालत नाही. उतारवयात तो हळूहळू येतो. गालांवरची ती प्रसिद्ध लाली नसेलही. सांधे दुखणं, थकवा, बारीक ताप, डोळे-तोंड कोरडं पडणं, छातीत पाणी होणं, अशी लक्षणं दिसतात. सगळी वयावर ढकलता येण्यासारखी. म्हणूनच निदानाला उशीर होतो.

आणखी एक गोष्ट. काही औषधांमुळेही ल्युपससारखा आजार होऊ शकतो. बीपीचं हायड्रॅलझिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं प्रोकेनामाइड, क्षयरोगाचं आयसोनियाझिड ही त्यातली माहितीतली नावं. अशा वेळी डॉक्टरांनी ते औषध बदललं की आजार बहुधा ओसरतो. म्हणून पहिल्या भेटीलाच घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या. स्वतःच्या मनानं मात्र काही थांबवू नका.

ल्युपस मुळापासून जात नाही, पण तो शांत ठेवता येतो. बरं वाटतं ते आजार गेला म्हणून नव्हे, तर गोळी काम करतेय म्हणून. एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

पहिली गोळी : हायड्रॉक्सीक्लोरोक्विन

ल्युपसच्या उपचाराचा हा पाया. घेऊ नये असं ठोस कारण नसेल तर जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती दिली जाते. मूळ औषध मलेरियाचं. १९५५ पासून अमेरिकेत मान्यता आहे, म्हणजे सत्तर वर्षांचा अनुभव. २०२० साली कोविडच्या सुरुवातीला हिचं नाव घराघरांत पोहोचलं आणि ल्युपसच्या रुग्णांनाच ती मिळेना. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही. ल्युपसवर मात्र आहे. आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं, अवयवांचं नुकसान कमी होतं, आणि गोळी नियमित घेणारे जास्त जगतात.

ही गोळी संथ आहे. परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. आणि शरीरातून जातेही तशीच सावकाश; साधारण ४० दिवसांनीसुद्धा तिचा निम्मा भाग अंगात असतो. इथंच माणूस फसतो. गोळी बंद केली, पंधरा दिवस काही झालं नाही, महिना काही झालं नाही. वाटतं, बघा, उगाच घेत होतो. आणि मग दोन-तीन महिन्यांनी आजार उसळतो. मावशींचं नेमकं हेच झालं.

आता डोळ्यांचं. "या गोळीनं डोळे जातात" हे पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे. पूर्ण गोष्ट अशी :

योग्य मात्रेत घेतली तर पहिल्या ५ वर्षांत डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी. १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी. २० वर्षांनंतर मात्र तो साधारण २० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे धोका वर्षांबरोबर वाढतो आणि मात्रा जास्त झाली तर लवकर वाढतो.

योग्य मात्रा म्हणजे दर किलो वजनाला दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत. ४० किलो वजनाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी. ६० किलोला ३००, म्हणून डॉक्टर कधी कधी एक दिवस एक आणि एक दिवस दोन असं लिहून देतात. ती लिहिण्यातली चूक नाही. उतारवयात वजन उतरतं. पाच-सहा किलो कमी झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. हे औषध काही अंशी मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंड कमजोर असेल तर अंगात जास्त साठतं आणि मात्रा कमी करावी लागते.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात पडद्याची एक तपासणी करून घ्यायची आणि ५ वर्षांनंतर दर वर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पडद्याचा आजार आधीपासून असेल तर दर वर्षीची तपासणी लवकर सुरू होते. या तपासणीत पडद्याचं स्कॅन, ज्याला ओसीटी म्हणतात, आणि दृष्टीच्या कक्षेची चाचणी असते. चष्म्याचा नंबर काढणं किंवा मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे दाखवणं म्हणजे ही तपासणी नव्हे. "मी ही गोळी इतकी वर्षं घेतोय, पडदा तपासा" असं तोंडानं सांगायचं. नजर जायच्या आधीच स्कॅनमध्ये खूण दिसते. झालेली इजा भरून येत नाही, म्हणून वेळेवर बघणं महत्त्वाचं. भीतीपोटी गोळी सोडणं हा उपाय नाही.

मधुमेह असेल तर ही गोळी साखर थोडी खाली आणू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा त्यासाठी औषध चालू असेल तर आधी ईसीजी लागतो. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक खोकल्या-तापाला सहज दिलं जातं. तेही ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगा.

दुसरी गोळी : स्टिरॉइड

प्रेडनिसोलोन हे नेहमीचं नाव. ही लवकर काम करते. आग लागली की पाणी मारावं तशी. म्हणूनच ती आवडते आणि म्हणूनच ती जपून वापरायची. आताचं धोरण असं की आजार शांत झाला की मात्रा हळूहळू उतरवत दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणायची आणि जमलं तर बंद करायची. उतरवायची मात्र डॉक्टरांनी.

एकदम का थांबवायची नाही? आपल्या मूत्रपिंडावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज थोडं स्टिरॉइड स्वतः तयार करतात. बीपी, साखर, अंगातली ताकद त्यावर चालते. बाहेरून बरेच आठवडे गोळी मिळाली की त्या ग्रंथी झोपतात. गोळी अचानक बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. मग उलट्या, चक्कर, बीपी खाली, शुद्ध हरपणं. यात जीव जाऊ शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, इस्पितळ गाठायचं. कुठलंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असेल तरी, स्टिरॉइड चालू आहे हे आधी सांगायचं.

उतारवयात स्टिरॉइडचे त्रास जास्त जाणवतात. साखर वाढते, बीपी वाढतं, मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढतो, झोप उडते, जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि हाडं ठिसूळ होतात. ओल्या जेटीवर पाय घसरला तर तरुण माणूस उठून कपडे झटकतो. या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं. म्हणून हाडांची घनता मोजून घ्या आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गरज असल्यास हाडांची गोळी याबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइड सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायचं.

संधिवातावर खात्रीचा गुण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्या घेऊ नका. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलंय. गुण येतो तो त्याचा, आणि किती पोटात जातंय ते कुणालाच कळत नाही.

बाकीची औषधं

आजार जोरात असेल किंवा स्टिरॉइड कमी करायचं असेल तर ॲझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, मेथोट्रेक्सेट यांतलं एखादं देतात. राखणदाराच्या हातातली काठी ही औषधं हलकी करतात. रक्तपेशी आणि यकृतावर लक्ष ठेवायला ठरल्या तारखेला रक्त तपासावं लागतं. यातल्या दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांनी पाठ करा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि तो गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. या औषधावर असताना दारू नको.

ॲझाथायोप्रिन चालू असताना युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल आपणहून सुरू करू नका. दोन्ही एकत्र आली तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतात. उतारवयात गाउट म्हणून ही गोळी बऱ्याच जणांना चालू असते आणि ती लिहिणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांना दुसरी गोळी माहीत नसते.

तसंच अंगदुखीच्या गोळ्यांचं. जाळी ओढून खांदे भरून आले की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायची सवय आपल्याकडे फार. ल्युपस असलेल्या, त्यातून बीपीची गोळी चालू असलेल्या वयस्क माणसाच्या मूत्रपिंडाला ती जड जाते. दुखलं तर आधी विचारा, काय चालेल.

आपल्या धंद्यात विशेष काय सांभाळायचं?

ऊन : उन्हातल्या अतिनील किरणांनी ल्युपस भडकतो. पाण्यावरूनही ते परततात आणि ढगाळ दिवशीही असतात. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. बाजारात बसणाऱ्या बायकांनी सावलीची जागा धरावी. सकाळी दहा ते दुपारी चार जास्त जपावं.

बर्फ : बर्फात हात घातल्यावर बोटं पांढरीफटक, मग निळी पडत असतील तर तेही ल्युपसबरोबर येतं. हातमोजे घाला आणि डॉक्टरांना दाखवा.

काटा लागणं : आपल्याला रोजचं. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना समुद्राच्या पाण्यातले जंतू जखमेतून वेगानं पसरू शकतात. लगेच साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. लाली, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. तिसऱ्या, कालवं अर्धकच्ची खाऊ नका.

मीठ : बीपी असेल किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर सुकी मासळी, खारवलेले मासे, लोणचं कमी. ताजा बांगडा, ताजी तारली खुशाल खा.

लस : फ्लू आणि न्यूमोनियाची लस या रुग्णांनी विचारून घ्यावी. जिवंत जंतूंपासून केलेल्या लसी मात्र या औषधांवर असताना बहुधा टाळतात, म्हणून लस घेण्याआधी औषधं सांगा.

पुरुमेंताच्या यादीत औषधंही धरा

पावसाआधी आपण सुकी मासळी, सोलं, मिरची भरून ठेवतो. त्याच यादीत या गोष्टी जोडा :

१. औषधांचा एक कागद. नाव, मात्रा, कधी घ्यायची, कशासाठी. बीपी, साखर, गाउट, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक, सगळं त्यात. प्रत्येक डॉक्टरला तोच कागद दाखवायचा. मोबाईलमध्ये फोटो ठेवा.

२. पाऊस-पाणी, बंदी धरून महिनाभराच्या जास्तीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीच घ्या. ओल लागणार नाही अशा डब्यात ठेवा.

३. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाज नको. जनऔषधी केंद्रात किंवा दुसऱ्या कंपनीचं तेच औषध स्वस्त मिळू शकतं. गोळ्या अर्ध्या करून पुरवू नका.

४. तपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. लघवी, रक्त, बीपी, साखर, डोळ्याचा पडदा, हाडं. लघवीची तपासणी चुकवू नका. मूत्रपिंडाचा त्रास दुखत नाही, तो आधी लघवीतच दिसतो. बांबोळीला जायचा दिवस म्हणजे धंद्याचा एक दिवस मोडतो, खरं आहे. बंदीत तो मोडत नाही. ते दिवस याला वापरा.

५. रोजची गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. मेथोट्रेक्सेट चुकलं तर डॉक्टरांना फोन करून विचारा.

६. घरातल्या एका माणसानं जबाबदारी घ्यायची. रागावून नाही. "आई, आज गोळी झाली?" एवढंच.

ताबडतोब इस्पितळात कधी न्यायचं?

थंडी वाजून ताप. छातीत दुखणं किंवा धाप. पाय-चेहरा सुजणं, लघवीला फेस किंवा रक्त. स्टिरॉइड चालू असताना सतत उलट्या. अचानक गोंधळल्यासारखं वागणं, फिट, एका बाजूची ताकद जाणं. काळी शी होणं. नजरेत नवीन डाग किंवा वाचताना मधली अक्षरं गायब होणं. शेवटचं लक्षण असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, बाकीच्यांना त्याच दिवशी.

या लेखात दिलेली मात्रा समजण्यासाठी आहे, स्वतः ठरवण्यासाठी नाही. तुमची मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ल्युपस हा त्यांच्याच अभ्यासातला आजार.

मावशी आता सकाळी दोन तास बाजारात बसतात, छत्रीखाली, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. गोळ्यांचा डबा सुनेकडे असतो आणि औषधांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. मुलगा म्हणतो, "डोळे जातील म्हणून आईनं गोळी सोडली, आणि पडदा तपासला तर डोळे अगदी नीट निघाले." ती तपासणी आधी करून घेतली असती तर एवढं झालंच नसतं.

तुमच्या घरात, शेजारी, जेटीवर कुणी या गोळ्यांवर असेल तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. आणि या बंदीत जाळी विणायला बसाल तेव्हा आई-बाबांच्या औषधांचा डबाही एकदा उघडून बघा.